वन्संची जागरणं

तुमच्या आत्याआजीला दोन वर्षं झोप लागलेली नाही, असं तिचं म्हणणं होतं. कमी लागते असं नव्हे, अजिबात नाही. सकाळी चहाचा कप हातात आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "डोळ्याला डोळा नाही गो लागला."

मी तिला वन्सं म्हणते, कारण ती तुमच्या आजोबांची थोरली बहीण. आमच्या पिढीत मोठ्या नणंदेला अहोजाहो करतात, म्हणून इथून पुढे मी तसंच लिहीन. तुम्ही दोघांनी परवा फोनवर विचारलंत, की माणूस झोपला की त्याच्या डोक्यात काय चालतं. मी शाळेत इंग्रजी शिकवलं, विज्ञान नाही. शास्त्रशुद्ध उत्तर तुम्हाला तिकडच्या शिक्षकांकडून मिळेल. मला जे कळलं ते वन्संच्या खाटेशेजारी वही घेऊन बसल्यामुळे कळलं, आणि ते मी क्रमाने सांगणार आहे.

वन्संचं घर नाट्याला, म्हणजे नाटे गावी. चार खोल्या, पुढेमागे पडवी, वर मंगलोरी कौलं. यजमान गेल्यावर त्या नऊ वर्षं तिथे एकट्या राहिल्या आणि कोणाची तक्रार नव्हती. मग झोपेची गोळी सुरू झाली. आधी अर्धी, मग एक, मग दीड. एका पहाटे मागच्या दारी पाय अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं. मुंबईहून त्यांचा मुलगा आला आणि त्यांना रत्नागिरीला आमच्याकडे आणून ठेवलं. जाताना त्याने स्पष्ट सांगितलं, "आई, गोळ्या सुटल्याशिवाय नाट्याला एकटं राहायचं नाही."

वन्सं म्हणाल्या, "गोळी घेऊन झोप येत नाही, न घेता कशी येणार?"

अशी ती गाठ बसली. झोप नाही म्हणून गोळी सुटत नाही, आणि गोळी सुटत नाही म्हणून घरी जाता येत नाही. इकडे नाट्याच्या घराने बंद दारांनी दोन पावसाळे काढले. कौलारू घराची दर मे महिन्यात शाकारणी करावी लागते. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा बसवायची. दोन वर्षं कोणी केली नव्हती, आणि माकडं काही थांबत नाहीत. तिथल्या शेजारणीचा फोन आला की माजघराच्या भिंतीवर ओल चढली आहे. मुलगा म्हणाला, कौलं काढून पत्रे घालू आणि कुलूप लावून टाकू. त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "पत्रे घातले की संपलं. मग मी तिथे कशाला जाऊ? गोदामात राहायला?"

आता माझी चूक सांगते.

वन्सं झोपतात हे मला ठाऊक होतं. त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून. बोटीच्या इंजिनरूममध्ये नोकरी केलेले आजोबा रोज चेष्टा करायचे. "अक्का, तू झोपत नाहीस, तर रात्रभर इंजिन कोण चालवतं?"

"तुझे कान बोटीवरच गेले," वन्सं म्हणायच्या.

मला पुराव्याशिवाय बोलायला आवडत नाही. गणपती झाल्यावर एका रात्री मी माझा मोबाइल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि आवाज टिपून घेतला. चांगला पाऊण तास दणदणीत घोरणं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर ते वाजवलं. कढीपत्ता न्यायला आलेली आमची इथली शेजारीणही होती. ती हसली, आजोबा हसले, आणि खोटं कशाला सांगू, मीही हसले.

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी घोरत असेन. पण मी जागी होते. पाठच्या पडवीत लाकडं रचत होते मनातल्या मनात. पावसाकडची ओळ सारखी कोसळत होती. तू नको मानूस."

त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निरोप भावामार्फत. "तुझ्या बायकोला सांग, आमटीत मीठ नाही." मी म्हणायची, "सांगा, आहे." आजोबा मधे बसून जेवत होते आणि कोणालाच काही सांगत नव्हते.

चार दिवस मला ती लाकडं सतावत होती. मुलं खोटं बोलतात तेव्हा ती कशी बोलतात, हे मी तीस वर्षं वर्गात पाहिलंय. खोट्यात कोसळणारी ओळ नसते. वन्सं खोटं बोलत नव्हत्या. आणि मोबाइलही खोटं बोलत नव्हता.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. ते आम्हा सगळ्यांना चाळीस वर्षं ओळखतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघी खऱ्या."

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. झोप म्हणजे दिवा बंद केल्यासारखी एकदम होणारी गोष्ट नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि पुन्हा वर येते, रात्रीत बऱ्याच वेळा. वरच्या पायऱ्यांवर अंग झोपतं पण विचार चालूच असतो, आणि तो विचारासारखाच असतो, साधा, कामाचा, काळजीचा. तिथून उठवलं तर माणूस शपथेवर सांगतो, मी जागा होतो. तळाशी गेलेल्याला उठवलं तर तो गोंधळतो आणि बहुधा त्याला काही सांगता येत नाही. आणि पहाटेकडे जास्त करून ती झोप येते, ज्यात पापण्यांखाली डोळे पळत असतात आणि पूर्ण नाटकासारखी स्वप्नं पडतात. म्हातारपणी तळ आखडतो आणि माणूस वरच्या पायऱ्यांवर जास्त रेंगाळतो.

"मग गोळी कमी करा ना," मी म्हटलं.

"करीन. हळूहळू करावी लागेल, एकदम तोडायची नाही. पण त्यांची स्वतःची खात्री पटायला हवी. नाहीतर मी चिठ्ठीवर अर्धी लिहीन आणि त्या उशीखालची दुसरी अर्धी घेतील."

घरी येताना रिक्षात मी ठरवलं. वन्संना पटवायचं नाही. पटवणं मी एकदा करून पाहिलं होतं. त्यांना स्वतःलाच शोधू द्यायचं, आणि मे महिन्याच्या आत.

मला माफी मागायची सवय नाही, हे तुमची आई तुम्हाला सांगेलच. मी चहा करून त्यांच्या खोलीत नेला.

"वन्सं, ते वाजवायला नको होतं."

"नकोच होतं."

"त्या लाकडांचं पुढे काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा चेष्टा करते की काय म्हणून. मग म्हणाल्या, "काय व्हायचंय? रचली की कोसळायची. परत रचायची. रात्र सरली."

मी माझी योजना सांगितली. दिवसाच्या आणि रात्रीच्या वेगवेगळ्या वेळी मी त्यांना उठवीन आणि एकच प्रश्न विचारीन: आत्ता मनात काय होतं? झोपला होतात का, हे कधीही विचारणार नाही. त्या सांगतील ते शब्दाला शब्द वहीत लिहीन. एक शब्द माझा नाही.

"आणि तू?" वन्सं म्हणाल्या. "तुलाही उठवणार. आणि ह्यालाही. मी एकटी नाही सर्कशीतली."

ते रास्त होतं.

पहिल्या आठवड्यात काहीच जमलं नाही. मी खांद्याला हात लावायची, वन्सं "हां हां, जागी आहे" म्हणायच्या आणि पुन्हा घोरायला लागायच्या. आजोबा म्हणाले, तुम्हाला उठवताच येत नाही. बोटीवर पाळी बदलताना जो उतरतो तो पुढच्याला उठवतो, आणि नुसतं "हो" चालत नाही. "हो" म्हणून माणूस पुन्हा झोपतो आणि पाळी चुकते. दोन टिचक्या दाराच्या चौकटीवर, मंद दिवा, आणि समोरचा एक अख्खं वाक्य बोलेपर्यंत हलायचं नाही. त्यांनी तसं करून दाखवलं आणि त्या दिवसापासून वही चालू लागली.

दुपारची झोप सगळ्यात सोयीची. जेवणं आटोपली की वन्सं आडव्या व्हायच्या, आणि वीसेक मिनिटांनी घोरणं सुरू झालं की मी चौकटीवर टिचकी मारायची. उत्तरं साधारण अशी:

"उन्हात घातलेली कोकमं पालटायची राहिली, ते आठवत होते. जागीच होते."

"एसटीत बसून पिशव्या मोजत होते. एक कमी भरत होती. जागी होते गो."

रात्री झोपल्यावर तासाभराने एकदा उठवलं, तेव्हा त्या उठून बसल्या, माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "भरती कितीला?" मग काही नाही. मनात काय होतं, तर काळोख.

आणि पहाटे पाचला उठवलं की मजा. एकदा चष्मा लावलेला बांगडा शाळेत हजेरी घेत होता आणि वन्संचं नाव आलंच नाही. एकदा कलेक्टर कचेरीत त्यांना झिम्मा खेळायला बोलावलं होतं आणि पायात दोन्ही चपला डाव्या. आजोबांना स्वप्नं पडत नाहीत असं ते जन्मभर सांगत आले. त्यांना पाचला उठवलं, तर इंजिनरूममध्ये कोणीतरी बेसन भाजत होतं आणि कॅप्टन ओरडत होता की तूप कमी पडलंय.

"लाडू झाले का नाही?" वन्संनी विचारलं.

"तुम्ही उठवलंत ना," आजोबा म्हणाले.

माझी पाळी आली तेव्हा मात्र माझी जिरली. दुपारी मी वर्तमानपत्र वाचत पडले होते. वन्संनी चौकटीवर टिचकी मारली. मी म्हटलं, "मी झोपले नव्हते. निबंध तपासत होते मनात." कुठला, असं त्यांनी विचारलं. आणि मी सांगितलं, की एका मुलीने लिहिलं होतं, टेबल मंगळवार उकळतं. मी काळ चुकला म्हणून लाल रेघ मारली आणि 'उकळलं' असं सुधारून दिलं.

वन्संनी स्वतः ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "टेबल मंगळवार उकळलं. बरोबर आहे हो मास्तरीणबाई."

मला सुधारताना जराही शंका आली नव्हती. मी जागी आहे, चष्मा नाकावर आहे, हातात वर्तमानपत्र आहे, अशी माझी पूर्ण खात्री होती. त्या दिवशी मला वन्संची बाजू आतून कळली.

दिवाळी होऊन गेली. मार्गशीर्षातली एक दुपार. तीनला दहा कमी असताना मी उठवलं. वन्सं अगदी स्वच्छ आवाजात बोलल्या. "जागी होते गो. शाकारणी चालली होती मनात. वळचणीकडची ओळ राहिली होती. मी खालून कौलं देत होते, हे वरून घेत होते. म्हणाले, फुटकं नको देऊ, वाजवून दे."

हे, म्हणजे त्यांचे यजमान.

मी शब्दाला शब्द लिहिलं. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. शिक्षकाला चूक दिसली की रेघ मारल्याशिवाय राहवत नाही, आणि ती न मारणं ही त्या वर्षातली माझी सगळ्यात कठीण गोष्ट होती. मी वही मिटली आणि चहा टाकायला गेले.

दर शनिवारी आंघोळ झाल्यावर वन्सं चष्मा लावून आठवड्याची पानं मोठ्याने वाचायच्या. त्या शनिवारी मी शेजारी बसून मेथी निवडत होते. त्या वाचत गेल्या आणि "हे वरून घेत होते" इथे थांबल्या.

"हे मी सांगितलं?"

"तुमचेच शब्द."

"जागी होते, असंही मीच म्हटलं?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "वहिनी, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. जागी असते तर एवढं नसतं का कळलं मला?"

मी मेथीवरून मान वर केली नाही. त्यांनी पानं मागे उलटली. कोकमांशी थांबल्या. "कोकमं कार्तिकात कुठली? ती वैशाखात." मग वहीच्या आधीचं आठवलं. "आणि ती लाकडं. लाकडं मी गॅस आल्यापासून रचलेली नाहीत." एकेका ओळीशी त्यांनी पेन्सिलने बारीक फुली मारली. दुपारच्या पानांवर बहुतेक सगळीकडे फुल्या झाल्या.

मला वाटलं त्या रडतील. त्या हसायला लागल्या, आणि हसताना डोळे पुसत होत्या. "म्हणजे हे येतात, शिडी लावतात, उन्हात छपरावर चढतात. आणि मी सकाळी उठून तुम्हाला सांगते, जागरण झालं."

सोमवारी डॉक्टरांकडे जायचं त्यांनीच काढलं.

ह्यापुढचं सोपं गेलं असं समजू नका. डॉक्टरांनी पाव गोळी कमी केली, मग दर पंधरा दिवसांनी आणखी पाव. प्रत्येक वेळी चार-सहा रात्री खरोखरच वाईट जायच्या. वही आम्ही चालू ठेवली, आणि वन्संना त्यातून एक फरक सापडला, जो मला कुठल्या पुस्तकात दिसलेला नाही. त्या म्हणाल्या, खऱ्या जागरणात डास चावतो. घड्याळाचे ठोके कळतात, कूस बदलली की खाट वाजते. त्या दुसऱ्या जागरणात डास नसतो, खाट वाजत नाही आणि काम संपत नाही.

गोळ्यांची पाकिटं माझ्या कपाटात होती. डॉक्टर सांगतील तेवढीच मी काढून द्यायची. माघात एकदा त्या रात्री दोनला माझ्या दाराशी आल्या.

"अर्धी दे. आज नाही निभत."

"नाही देणार."

"तू माझी वहिनी का जेलर?"

"आत्ता जेलर. तुम्हाला मेच्या आधी नाट्याला पोचायचंय की नाही?"

त्या चिडून खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले आणि खुर्चीत बसले. पहिला तासभर त्या कूस बदलत होत्या आणि खाट वाजत होती. मग त्यांनी मला त्यांच्या लग्नात पंगतीला मठ्ठा कसा कमी पडला ते सांगायला घेतलं, आणि चार वाजेपर्यंत आम्ही त्या मठ्ठ्यावरच होतो. सकाळी त्यांचा चेहरा उतरलेला होता. चहा घेताना म्हणाल्या, "आज खरंच नाही लागली. लिही." मी लिहिलं, आणि 'खरंच' खाली रेघ मारली. त्यांनी वाकून ती रेघ बघितली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

महाशिवरात्रीच्या सुमाराला शेवटची पाव गोळी सुटली.

शिमग्याला मुंबईहून मुलगा आला. पालखी नाचवून आलेला, कपाळाला गुलाल, आणि बसल्याबसल्या पहिला प्रश्न, "आई, झोप लागते?"

"लागते. मला वाटते त्यापेक्षा जास्त."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मामी, खरं?"

"मला कशाला विचारतोस? समोर बसलीये ती."

वन्संनी वही त्याच्या हातात दिली. तो उभ्याउभ्या चाळत होता. बांगड्याशी हसला, बेसनाशी मोठ्याने हसला, मामाला हाक मारून विचारलं की कॅप्टन कुठला होता. मग पान उलटलं आणि खाली बसला. ते पान त्याने दोनदा वाचलं असावं.

"बाबा असंच सांगायचे," तो म्हणाला. "वाजवून दे. मी बोटाने वाजवायचो आणि मला फुटक्याचा आवाज कळायचाच नाही."

"तुला कुठे काय कळायचं," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर पत्रे घालायला निघालास."

तो हसला, पण अटी घातल्याच. रोज सकाळी फोन. मागच्या दाराला कठडा आणि दिवा. नाट्याच्या शेजारच्या काकूंनी रात्री सोबतीला झोपायचं.

"ती नको. घोरते," वन्सं म्हणाल्या.

आजोबा उठून बाहेर गेले. त्यांना हसू आवरत नव्हतं.

काकूंचं कलम तेवढं गळलं, बाकीचं वन्संनी मान्य केलं. पत्र्यांचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांना एसटीने नाट्याला पोचवलं आणि आठ दिवस राहिले. घराला वास होता, माजघराची भिंत काळी पडली होती, बत्तीस कौलं फुटलेली निघाली. वन्सं पदर खोचून अंगणात उभ्या राहिल्या आणि छपरावरच्या गड्यांना इतक्या सूचना दिल्या, की त्यातला थोरला म्हणाला, "आजी, तुम्हीच या वर." मी परत निघाले तेव्हा त्यांनी वही मागितली नाही आणि मीही दिली नाही.

रोज सकाळी सहाला फोन येतो. आधी मुलाला, मग मला. बहुतेक दिवस दोन वाक्यांचा. जुलैतल्या एका सकाळी त्या म्हणाल्या, "वहिनी, काल रात्रभर जागी होते."

रात्रभर? कशावरून? हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी ते गिळले. त्या जागी होत्या म्हणतात तर जागी होत्या.

"गोळी घ्यावीशी वाटली?" मी विचारलं.

"घरात आहेच कुठे? पडून राहिले. रात्रभर नुसता ओतत होता. कुठे गळतंय का ते ऐकत होते."

"गळलं?"

"एक थेंब नाही," वन्सं म्हणाल्या. "ठेवते आता, दूध वर येतंय."